बाबा, 15एच भरला म्हणजे रिटर्न भरलं असं होत नाही

पुणे, नोव्हेंबर 2025

आई-बाबा,

फोनवर रिटर्नचा विषय काढला की बाबा आवाज चढवतात, मग आई फोन घेऊन जेवलीस का विचारते आणि गाडी तिथेच अडते, म्हणून लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

बाबा, तुमच्या लॉगिनमधून एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडची तुमच्या उत्पन्नाची यादी, काढलं. पेन्शन, चारही बँकांतल्या एफडीचं व्याज, सेव्हिंगवरचं किरकोळसुद्धा, सगळं आधीच त्यांच्याकडे आहे. "मी कुठे कुणाला सांगितलंय" याला अर्थ नाही, बँका सांगतात. आणि टीडीएस, म्हणजे बँकेने व्याजातून आधीच कापायचा टॅक्स, कापलेलाच नाही, कारण दर एप्रिलला बँकेच्या काउंटरवरचा मुलगा 15एच फॉर्म पुढे सरकवतो आणि तुम्ही सही ठोकता. ती सही म्हणजे माझा या वर्षी टॅक्स शून्य आहे असं लिहून देणं. तुमचा शून्य नव्हता ना.

2023-24 चंच घ्या. पेन्शन 5 लाख 40 हजार, व्याज 3 लाख, त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे 50 हजार वजा, टॅक्स सेससकट 35,360. तेव्हाच भरला असता तर तेवढ्यावर भागलं असतं, आता महिन्याला 1 टक्का व्याज, 5,000 लेट फी आणि वर अपडेटेड रिटर्नचा, म्हणजे मुदत उलटून गेलेल्या वर्षाच्या रिटर्नचा, 25 टक्के जादा टॅक्स, म्हणजे आकडा 56 हजारांच्या वर जातोय, आणि 31 मार्च उलटला की त्या 25 चे 50 होतील. त्याच्या आदल्या वर्षाला आत्ताच 50 लागतायत. महाग आहे, मान्य, पण नोटीस आल्यावर उत्पन्न लपवल्याचा दंड टॅक्सच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत जातो, त्यापेक्षा हे परवडलं.

2024-25 चं मात्र 31 डिसेंबरपर्यंत साधं उशिराचं रिटर्न भरता येतं, त्यात ते 25 टक्के नाहीत, फक्त लेट फी आणि व्याज. जुनी रेजीम, म्हणजे मेडिक्लेमसारख्या वजावटींची जुनी टॅक्स पद्धत, मिळणार नाही, त्यामुळे मेडिक्लेमची पावती शोधत बसू नका.

कट्ट्यावरचे काका म्हणतात म्हाताऱ्यांना रिटर्न नसतं, ते 75 च्या पुढच्यांसाठी आहे, आणि तेही पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत असेल आणि तिथे तसं लिहून दिलं असेल तर. तुम्ही 69 चे, बँका चार.

आई, तुझं उलटंच आहे. तुझा टॅक्स बसतच नाही, पण 15एच न दिल्यामुळे तुझ्या एफडीवर दरवर्षी 10 टक्के कापले गेलेत, ते सरकारकडे पडून आहेत. 2024-25 चे डिसेंबरच्या आत रिटर्न भरून परत मिळतील, तुला लेट फीसुद्धा नाही. मागच्या वर्षांचं अपडेटेड रिटर्नने होत नाही, त्यात रिफंड मागताच येत नाही, त्यासाठी उशीर माफ करा असा वेगळा अर्ज करावा लागतो, पाच वर्षांपर्यंतचा चालतो, मंजूर करणं त्यांच्या हातात. करून बघू.

या चालू वर्षापासून 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, त्यामुळे बाबांचा 15एच यंदा बरोबर आहे, रिटर्न मात्र तरीही भरायचंच.

मला पासबुकांचे फोटो, पेन्शनची स्लिप आणि चारही बँकांची इंटरेस्ट सर्टिफिकेट हवीत. शनिवारी रात्री फोन करते, आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून जवळ ठेवा, व्हेरिफाय करायला ओटीपी येईल, तो मलाच सांगायचा, दुसऱ्या कुणी बँकेतून बोलतोय म्हणालं तरी नाही.

तुमची,
छकुली