चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर

महोदय,

पेट्रोल गाडी थरथरते, ओढत नाही आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो, तेव्हा ती तशीच आर्णीहून यवतमाळपर्यंत दामटू नये. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटते आणि तो महागडा भाग आतून वितळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर लावा. पी-0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसल्याचा कोड आला, तर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी-0303 दिसला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर तिसऱ्यावर गेला, तर कॉइलच गेली. नाहीतर प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासा. पऱ्हाटीच्या ढिगाजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदराने कुरतडलेली वायर आधी शोधा. न तपासता चारही कॉइल बदलणे ही ग्राहकाची लूट आहे. ऑइलचा लाल दिवा लागला, तर मात्र इंजिन तिथल्या तिथे बंद करा.

– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)