झाडपाल्याच्या नशेविषयी मुक्ताला पत्र

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की झाडपाल्याचीच गोष्ट आहे, तर त्यात एवढे घाबरण्यासारखे काय आहे? तुझ्या वर्गातील कुणी रात्री जागण्यासाठी, कुणी वजन उतरवण्यासाठी, तर कुणी नुसती गंमत म्हणून ‘हर्बल’ गोळ्या किंवा सुका पाला वापरतात, हे तू आडपडदा न ठेवता सांगितलेस, याचे मला फार बरे वाटले. फोनवर उत्तर अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वनस्पतीपासून मिळते ते निरुपद्रवीच असते, हा समज खरा नाही. तंबाखूतील निकोटीन, अफूतील मॉर्फिन आणि कोकाच्या पानांतील कोकेन ही तिन्ही द्रव्ये झाडांतच तयार होतात. धोतऱ्याच्या बियांत अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषारी द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण झाडागणिक बदलते. त्यामुळे एकाला चार बियांनी काही झाले नाही म्हणून दुसऱ्यालाही होणार नाही, असे कुणीच सांगू शकत नाही. विषबाधा झालेल्या माणसाचे अंग तापते, नाडी धावू लागते आणि तो इतका भ्रमिष्ट होतो की समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागतो. वजन उतरवण्यासाठी आणि तरतरी येण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एफेड्रा या वनस्पतीच्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 साली बंदी घातली, कारण त्यांनी रक्तदाब वाढून हृदयावर ताण येत होता.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती ‘स्पाइस’सारख्या नावांनी धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांची. वर हिरवे पान छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘मानवी सेवनासाठी नाही’ असे लिहिलेले असते. आतील पाला बहुधा साधाच असतो. नशा होते ती त्यावर फवारलेल्या कृत्रिम रसायनामुळे. 2008 साली जर्मनीत अशा पाकिटांची तपासणी झाली, तेव्हा त्यांत जेडब्ल्यूएच-018 हे द्रव्य सापडले. जॉन हफमन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते केवळ संशोधनासाठी तयार झाले होते. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून एकाच पाकिटातील एक चिमूट सौम्य असते आणि दुसरी कितीतरी पटींनी तीव्र. शिवाय गांजा मेंदूतील ज्या ग्राहींवर, म्हणजे द्रव्य जिथे चिकटून परिणाम घडवते त्या पेशींवरील जागांवर, काम करतो, त्यांच्यावरच यांतील अनेक द्रव्ये गांजापेक्षा अधिक जोराने परिणाम करतात. झटके येणे, छाती धडधडणे, भ्रम होणे हे त्यातूनच घडते. ज्याला तुझे मित्र झाडपाला म्हणतात, त्यात झाडाचा वाटा जवळजवळ नसतोच.

आता वनौषधींच्या इतर अमली पदार्थांशी असलेल्या संबंधाविषयी. न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांच्या पाहणीवर आधारित, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वनौषधींची उत्पादने वापरणाऱ्या मुलांमध्ये इतर अमली पदार्थ घेण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून एकामुळेच दुसरे घडते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. आणि घरी काढा घेणारे मूल व्यसनाच्या वाटेवर आहे, असे म्हणणे तर सरळ अन्यायाचे होईल. परंतु थकवा, वजनाची लाज किंवा मनातली भीती यांवर काहीतरी गिळणे हाच उपाय आहे अशी सवय जडली, की पुढचा पदार्थ परका वाटत नाही, असे माझे मत आहे.

एकत्र घेण्याचा धोका मात्र मताचा विषय नाही. क्रॅटम या झाडाच्या पानांतील द्रव्य अफूच्याच ग्राहींवर काम करते; ते मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. ग्वाराना या वनस्पतीत कॅफिनच असते, त्यावर एनर्जी ड्रिंक प्यायल्यास कॅफिनची मात्रा नकळत वाढते. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे डॉक्टरांनी दिलेली अनेक औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात आणि निकामी ठरतात. म्हणून डॉक्टरांनी विचारले किंवा नाही विचारले, तरी तू काय काय घेतेस ते त्यांना सांगत जा.

आणि तुझ्यासमोर कुणी असे काही घेऊन बेशुद्ध पडले, तर ‘झोपला असेल’ म्हणून सोडून देऊ नकोस. त्याला कुशीवर वळव, रुग्णवाहिका बोलाव, श्वासाकडे लक्ष ठेव आणि उरलेले पाकीट डॉक्टरांच्या हाती दे. मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. त्या वेळी मी तुला एकही प्रश्न विचारणार नाही. आधी निघून येईन.

तुझी,
आई