प्रसूतिकक्षात आदिवासी मातेचा मान राखा

माननीय संपादक,

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून पुढील उपचारांसाठी नाशिकला पाठवल्या जाणाऱ्या आदिवासी गरोदर स्त्रियांची शुश्रूषा वैद्यकीयदृष्ट्या योग्य असली, तरी ती पुष्कळदा त्यांना परकी वाटते. कोकणा किंवा वारली बोलणारी स्त्री प्रमाण मराठीतल्या भराभर प्रश्नांपुढे गप्प राहते आणि तिचे मौन अडाणीपणा समजले जाते. जिच्यावर तिचा सर्वाधिक भरवसा असतो, ती सोबत आलेली सुईण दाराबाहेरच थांबवली जाते. वास्तविक प्रसूतीच्या वेळी स्त्रीला हवी ती सोबत मिळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे आणि प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७ मधील 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतिणीला स्थान आहे.

आधी भगताकडे गेल्याबद्दल रागावणे तर सरळसरळ घातक आहे, कारण पुढच्या वेळी ती गोष्ट लपवली जाते आणि पोटात कोणती मुळी गेली आहे हे परिचारिकेला कळतच नाही. निवृत्त परिचारिका या नात्याने मी हे ठामपणे लिहीत आहे.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि आदिवासी विकास आयुक्तालय, दोन्ही नाशिकमध्येच आहेत. त्यांनी मिळून परिचर्येच्या विद्यार्थिनींना सुरगाणा-पेठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तेथील बोलीसह प्रशिक्षण द्यावे आणि शहरातील प्रसूतिकक्षांत बोली जाणणाऱ्या आदिवासी परिचारिका प्राधान्याने नेमाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, नाशिक