मदतनीसाचं तिकीट कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

होमस्कूलिंगच्या, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या, कन्व्हेन्शनवर (भाषणं आणि पुस्तकांचे स्टॉल असलेल्या मेळाव्यावर) तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला, आवडला, पण त्यात "फॅमिली तिकीट काढलं की स्वस्त पडतं" असं जे लिहिलंय ते घरात स्पेशल मूल असणाऱ्यांना काही लागू होत नाही, म्हणून हे पत्र.

आमचा मुलगा ऑटिस्टिक आहे. माईक नुसता कुईं वाजला तरी तो दोन्ही कान दाबून खाली बसतो, मग आमच्यापैकी एक जण त्याला घेऊन कॉरिडॉरमध्ये आणि दुसरा आत, म्हणजे पैसे दोघांचे आणि ऐकणार एकटाच. जो माणूस फक्त मुलाचा हात धरायला किंवा व्हीलचेअर ढकलायला येतो त्याच्याकडून तिकीट का घ्यायचं? कितीतरी म्युझियम आणि थिएटरवाले मदतनीसाला फुकट सोडतात. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे ना, त्यात वाजवी सोय नाकारणं हा सरळ भेदभावच धरलाय. पण रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तेव्हा पालकांनो, पैसे भरायच्या आधी आयोजकांना ईमेल करा. मदतनीसाचा पास मिळेल का, शांत खोली आहे का, सेशनची रेकॉर्डिंग नंतर मिळणार का, आणि उत्तर लेखीच घ्या. एकदा पैसे भरले की कोण दाद देतंय!

लवकर बुकिंग केलं की सवलत मिळते हे सगळ्यांनाच माहितीये. काही ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम केलं तर प्रवेश फुकट असतो, पण मुलाला सांभाळायला दुसरं कोणी असेल तरच त्या भानगडीत पडा. फक्त प्रदर्शनाचा पास वेगळा मिळत असेल तर तो घ्या आणि भाषणं घरी रेकॉर्डिंगवर ऐका, आमच्यासारख्यांना तेच परवडतं, खिशालाही आणि जिवालाही.

राहण्याच्या बाबतीत मात्र माझं मत जरा उलटं आहे, तिथे हात आखडता घेऊ नका. लांबची स्वस्त खोली घेतली आणि मुलाला मेल्टडाऊन झाला, म्हणजे सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटला, की टॅक्सीत रडारड, आणि परत यायची ताकद कोणात उरत नाही, दिवस वाया. चालत जाता येईल अशी खोली असली की अर्धा तास अंधार करून पडायचं आणि परत यायचं. बुकिंग फुकट कॅन्सल होणारंच बघा, आपल्याकडे ऐनवेळी काय होईल याचा नेम नसतो.

खरा खिसा कापला जातो तो स्टॉलवर. आमचा चिरंजीव कानाला हेडफोन लावून टेबलाखाली जाऊन बसतो, टेबलक्लॉथची कड बोटांत गोल गोल फिरवत, आणि तेवढ्या वेळात विक्रेता मला अख्ख्या वर्षाच्या पुस्तकांचा सेट गळ्यात मारायला बघतो. आमच्या मुलांचं वाचन एका इयत्तेचं असतं, गणित भलत्याच, त्यामुळे पूर्ण सेट घेतला की निम्मी पुस्तकं कोरीच राहतात. विषयाप्रमाणे सुटं मिळतं का विचारा, बरेच प्रकाशक कुठल्या पातळीपासून सुरू करायचं याची टेस्ट वेबसाईटवर फुकट देतात ती घरीच करून जा, आणि पुस्तक आवडलं तर कव्हरचा फोटो काढून ठेवा, जुनं कुठेतरी मिळतंच. डिस्लेक्सियासाठी (म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं त्यासाठी) रंगीत काचांचे चष्मे विकणारा कोणी भेटला तर सरळ पुढे चालू लागा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच एकत्र सांगितलंय की त्याला शास्त्रीय पुरावा नाही.

आयोजकांकडे एवढंच मागणं आहे की नोंदणीच्या फॉर्मवर मदतनीसाचा एक रकाना वाढवा, आणि तिकिटाच्या पैशात रेकॉर्डिंग द्या, कारण अर्धा वेळ आम्ही हॉलच्या बाहेरच असतो. आणि हो, शांत खोली ठेवणार असाल तर ती स्टेजच्या मागे, स्पीकरच्या भिंतीला लागून ठेवू नका, तशीही एक आम्ही पाहिली आहे.

आपली,
एक पालक