बाटली घेताना आधी तिचं झाकण उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायला आठच दिवस राहिलेत, आमच्या इथल्या बाजारात दप्तरं, रेनकोट आणि वॉटरबॅगचे ढीग लागलेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय, नंतर लिहून उपयोग नाही कारण तोपर्यंत सगळ्यांची खरेदी उरकलेली असते. विषय मुलांच्या पाण्याच्या बाटलीचा आहे. बाटली घ्यायची म्हटलं की आपण सगळे प्लास्टिकची घेऊ का स्टीलची यावर बोलतो, मीपण तेच करायचे, पण गेल्या वर्षी जे बघितलं त्यानंतर मी आधी झाकण बघते आणि मग बाकीचं.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. ऑक्टोबरात तीन-चार दिवस रोज म्हणायची, आई पाण्याला वास येतोय गं. मी फिल्टर बघितला, टाकी बघितली, पाणी उकळून भरलं, तरी वास तोच. बाटली मी रोज रात्री साबणाने आणि गरम पाण्याने धुवायचे, त्यामुळे बाटलीवर संशय घ्यायचं मनातच आलं नाही. शेवटी सासूबाईंनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, आणि सेफ्टी पिनने स्ट्रॉच्या बुडाशी असलेली पांढरी रिंग उचकटून काढली. ती रिंग निघते हेच मला माहीत नव्हतं! त्या म्हणाल्या, अगं कुकरची रिंग काढून धुतेस ना, मग ही वेगळी कशी असेल? रिंगखाली काळा बुळबुळीत थर, बोटाला चिकटणारा, आणि स्ट्रॉमधून कापूस लावलेली काडी घातली तर तीही काळीच बाहेर आली. चार महिने माझी पोरगी त्यातून पाणी पीत होती. त्या दिवसांत तिला दोनदा जुलाब झाले होते, ते त्याच्यामुळेच असं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही आणि मीही तसा दावा करत नाही, पण तो थर बघितल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही हे खरं.

तर पहिलं सांगणं हे की दुकानात बाटलीवरचं कार्टून बघायच्या आधी झाकणाचा एकेक भाग सुटा होतो का ते बघा. बटण दाबल्यावर टुणकन उघडणारं झाकण, आत दुमडणारी स्ट्रॉ, चावून पाणी ओढायचं रबर, हे मुलांना आवडतं पण जितक्या फटी जास्त तितकी ओल साचायला जागा जास्त, आणि पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. साधं फिरकीचं झाकण, त्यात एकच काढता येणारी रिंग, आणि तोंड इतकं रुंद की ब्रश तळापर्यंत जाईल, एवढं असलं तर निम्मं काम झालं. लहान बालवाडीतल्या मुलांना स्ट्रॉ लागतेच म्हणा, मग निदान सुटी होणारी घ्या आणि बारीक ब्रश सोबत घ्या. घरी आल्याबरोबर उरलेलं पाणी ओतून टाकायचं, आणि रात्री धुतल्यावर झाकण न लावता बाटली पालथी ठेवायची, आम्ही लावून ठेवायचो तीच मोठी चूक होती.

आता प्लास्टिकचं. बाटली उलटी केली की त्रिकोणात एक आकडा दिसतो. 1 म्हणजे विकतच्या पाण्याची असते तसली बाटली, ती एकदा वापरून चुरगाळून टाकण्यासाठीच असते, पण कितीतरी घरात तीच महिनोन् महिने शाळेत जाते, उन्हात तापते, त्यात गरम पाणी ओततात, कृपा करून हे थांबवा. 5 म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, मुलांच्या बाटलीसाठी त्यातल्या त्यात बरा आकडा. 7 म्हणजे नुसतं 'इतर', त्यात चांगलंही येतं आणि पॉलीकार्बोनेटपण येतं, ज्याच्यात बीपीए नावाचं रसायन असतं, हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारं. युरोपात 2011 मध्ये बाळांच्या बाटल्यांतून ते बंद झालं, अमेरिकेत 2012 मध्ये, आणि आपल्याकडेही दुधाच्या बाटल्यांच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकात 2015 पासून पॉलीकार्बोनेटला जागा नाही. म्हणजे दुधाच्या बाटलीला आपण जपतो आणि तेच मूल चार वर्षांचं झालं की रस्त्यावरची आकडा नसलेली बाटली त्याच्या हातात देतो, हे मला पटत नाही. आणि 'बीपीए फ्री' स्टिकर बघून निर्धास्त होऊ नका, त्याच्या जागी बीपीएस नावाचा भाऊबंद वापरलेला असू शकतो आणि त्याच्याबद्दलही तशीच शंका घेतली जाते. वास येणारी, आतून ओरखडे पडलेली, धुरकट झालेली प्लास्टिकची बाटली सरळ बदलावी.

स्टील घेताना लोक लोहचुंबक घेऊन जातात, माझे मिस्टरही घेऊन गेले होते, पण त्याने फार काही कळत नाही कारण 304 स्टीलला चुंबक चिकटत नाही तसं हलक्या 201-202 प्रकारच्या स्टीललाही साधारण चिकटत नाहीच. 304 म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल, म्हणून कुठे कुठे 18/8 लिहिलेलं असतं. हलक्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि आंबट सरबत, ताक ठेवलं की ते स्टील लवकर खराब होतं. खरी खूण आयएसआय मार्कची. केंद्र सरकारने 2023 मध्ये यासाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर, म्हणजे हा मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला, धातूच्या साध्या बाटलीसाठी मानक आहे आयएस 17803 आणि थंड-गरम राहणाऱ्या स्टीलच्या बाटलीसाठी आयएस 17526. मार्कखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो मोबाईलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. दुकानात उभं राहून एक मिनिट लागतं. थंड-गरमवाल्या स्वस्त बाटलीचा आणखी एक धोका म्हणजे तळाला सील करायला काही ठिकाणी शिसं वापरतात, वरून टोपी बसवलेली असते, ती निघाली की ते उघडं पडतं. अमेरिकेत 2023 मध्ये मुलांचे साडेतीन लाखांच्या आसपास स्टीलचे कप शिशामुळेच परत मागवले होते. बुडाची चकती सैल झालेली बाटली मुलाच्या हातात नको. तांब्याची बाटली घरात ठीक आहे पण शाळेत नको, मुलं त्यात लिंबू सरबत भरतातच.

आणि वजन! आमची थंड-गरमवाली 750 मिलिची बाटली मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, रिकामी 430 ग्रॅम, भरल्यावर 1 किलो 180. पोरीचं वजन तेव्हा 24 किलो, दप्तर शरीराच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात आहे, म्हणजे 2 किलो 400 ग्रॅम, त्यातलं निम्मं नुसती पाण्याची भरलेली बाटली! आता एका थराची साधी 600 मिलिची स्टीलची घेतलीय, भरून पाऊण किलोच्या जरा वर जाते.

पण लहान बाटली द्यायची तर शाळेत ती परत भरता आली पाहिजे. त्याच धोरणात लिहिलंय की शाळेने मुलांना पिण्याचं चांगलं पाणी पुरेसं द्यावं, म्हणजे बाटली घरून न्यायचीच गरज पडू नये. मुलीच्या शाळेत नळ आहेत, पण टाकी कधी धुतली ते कोणालाच सांगता आलं नाही, आणि मधल्या सुट्टीत रांगच इतकी की पोरं डबा खाऊ का पाणी भरू अशा घाईत असतात. वर्गातल्या मुलींपैकी काही जणी तर पाणीच पीत नाहीत, बाथरूम घाण म्हणून, हे मला त्यांनीच सांगितलं. केरळात 2019 मध्ये शाळांनी पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली, दिवसातून दोन-तीनदा वाजते, मुलं तिथेच बसून पाणी पितात. त्याला काय खर्च येतो? मी पहिल्या पालकसभेत हे मांडणार आहे, टाकी धुतल्याची तारीख नळाजवळ लिहा हेही.

अजून एक तक्रार. शाळेच्या गणवेशाच्या दुकानातून जो सेट घ्यावा लागतो त्यात बाटलीही असते, वर शाळेचं बोधचिन्ह आणि खाली काहीच नाही, ना आकडा, ना मार्क, ना बनवणाऱ्याचं नाव. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ताई सगळे हीच घेतात. मी घेतली नाही, बाकीच्या पालकांनीही विचारावं.

तुमच्या पेपरात दरवर्षी या आठवड्यात दप्तर-बुटांच्या भावाची बातमी येते, यंदा तिच्यासोबत बाटलीच्या तळाचा आणि सुट्या केलेल्या झाकणाचा एक मोठा फोटो छापाल का? मार्क कुठे असतो ते बाणाने दाखवून.

आपली नम्र,
चौथीतल्या मुलीची आई, चिंचवड