आईची वेणी घालणाऱ्या बाईंना

बाई,

पत्र मराठीत लिहितेय. रविवारी चर्च सुटल्यावर तुमच्याकडे येईन तेव्हा समोर बसून सगळं इंग्रजीत सांगेनच. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं असं फार वाटतंय.

आई इथे, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमला आली होती नातवाचं कौतुक करायला, आणि बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन, मग पुन्हा चालायला शिकवणारं ते केंद्र, हे तुम्हाला माहीतच आहे. माहीत नाहीत ते तुमच्या आधीचे अठरा दिवस. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिच्याशी कुणी बोलायचंच नाही. खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून तिच्या अंगावरून माझ्याशी बोलायचं. रात्री तिने मराठीत पाणी मागितलं तर ‘पेशंट गोंधळलेली आहे’ अशी नोंद करायची.

आणि केस. एक्याऐंशीव्या वर्षीही आईचे केस कमरेपर्यंत आहेत. उशीवर घासून घासून मागे त्यांचा एक गोळा झाला होता, काथ्यासारखा. मी फणी लावली की ती कळवळायची. एका सकाळी तिथली एकजण कात्रीच घेऊन आली. म्हणाली, कापून टाकू, तुम्हालाही सोपं पडेल.

आईने दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं. आईची आजी सोळाव्या वर्षी विधवा झाली आणि तिला न्हाव्यापुढे बसवलं. आलवण नेसलेली, कपाळापर्यंत पदर ओढलेली ती आजी आईने लहानपणी रोज पाहिलीय. त्यात बाबांना जाऊन तेव्हा जेमतेम सात महिने झालेले. आईला त्या कात्रीत काय दिसलं असेल, हे मला इंग्रजीत सांगताच आलं नाही. मी नुसतं ‘नको’ म्हटलं. ती तोंड वाकडं करून निघून गेली.

त्याच शनिवारी रात्रपाळीला तुम्ही आलात. मी खुर्चीत बसले होते, पण तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. आईच्या समोर वाकलात, स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालाला हात लावलात, मग तिच्या केसांकडे बोट केलंत आणि भुवया उंचावून थांबलात. हात लावू का? अठरा दिवसांत आईला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदा. तिने मान डोलावली, तेव्हाच तुम्ही पुढे झालात.

आईची पॅराशूटची निळी बाटली मीच दिली तुम्हाला. तेल तळहातावर चोळून कोमट केलंत आणि टोकांपासून सुरुवात केलीत. मी मेली इतके दिवस वरून ओढत होते! डाव्या मुठीत बट वर आवळून धरायची, म्हणजे मुळाला हिसका बसत नाही, आणि खाली रुंद दातांच्या फणीने एकेक गाठ सोडवायची. मधे दुसऱ्या खोलीतली घंटा वाजली की उठायचात, हात धुऊन जायचात, परत यायचात. दीड तास. शेवटी वेणी घातलीत आणि रात्री केस घासू नयेत म्हणून पिशवीतला तुमचा जांभळा सॅटिनचा रुमाल तिच्या डोक्याला बांधलात. आई अर्धवट झोपेत म्हणाली, “पोरी, तुझा हात फार मऊ आहे गं.” तुम्ही सदुसष्ट वर्षांच्या. मी अर्थ सांगितला तेव्हा तुमचे डोळे भरले. म्हणालात, हा माझ्या आईचा हात आहे.

मग तुम्ही सांगत गेलात. शनिवारची संध्याकाळ, स्वयंपाकघर, शेगडीवर तापवलेली लोखंडी फणी, ओळीने बसलेल्या चार बहिणी, चटका बसू नये म्हणून हाताने दाबून धरलेला कान. उद्या चर्चला जायचंय ना! मी आईला सांगत होते आणि ती हसत होती, कारण तिच्याही घरी चार बहिणी, आणि रविवारचं शिकेकाईचं न्हाणं.

१५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी याच गावात, सोळाव्या रस्त्यावरच्या काळ्या लोकांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. तळघरातल्या प्रसाधनगृहात कपडे नीटनेटके करत असलेल्या चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. तुम्ही तेव्हा सहा वर्षांच्या, गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये. त्याबद्दल तुम्ही एकच वाक्य बोललात: “त्या दिवशी आमच्याही केसांना रिबिनी होत्या.”

सतराव्या वर्षी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागलात, तेव्हापासून काम सुटलं नाही. तीन मुलं वाढवलीत, आता नात. रात्रभर उभं राहून सकाळी तशाच चर्चला जाता. मी एकदा आले होते. तुम्ही दारात उभ्या होतात, पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, येणाऱ्या प्रत्येकाला पुठ्ठ्याचा पंखा देत, म्हाताऱ्यांना कोपराला धरून बाकापर्यंत नेत.

आता आमच्याबद्दल. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, “त्या काळ्या लोकांच्या वस्तीत जाऊ नकोस हं.” शुद्ध मराठीत, गरम शिरा वाढता वाढता. अकरा वर्षं मी ते पाळलं. सिग्नलला गाडीची दारं लॉक केली. १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला म्हणून आपण इथे येऊ शकलो. तो आला १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापाठोपाठ, आणि त्या हक्कांसाठी याच गावातल्या शाळकरी पोरांनी मे १९६३ मध्ये पाण्याचे फवारे आणि पोलिसांचे कुत्रे अंगावर घेतले. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात बसून ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्यांना तिथून दिसलं. आम्हाला इथे राहून दिसलं नाही. गणपतीच्या आरतीला दीडशे माणसं जमतात. आईकडे त्यातली दोन आली, तीही दहा मिनिटं.

आई मिरजेला सुखरूप आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. जांभळा रुमाल रोज रात्री बांधते, शेजारणींना दाखवते. परवा फोनवर पहिला प्रश्न होता, “पोरीचा गुडघा कसा आहे?” तिने तिळाच्या तेलाची बाटली पाठवलीय. रविवारी घेऊन येते.