लिनक्स टाकलंय म्हणून टाइप सी पोर्टची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीतल्या लॅपटॉपचा टाइप सी पोर्ट दुरुस्त करून न दिल्याबाबत

नमस्कार,

मी ऐरोलीला राहते. तुमच्या कंपनीचा लॅपटॉप मी गेल्या वर्षी ठाण्यातल्या दुकानातून घेतला, फ्रीडॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, कारण तो स्वस्त पडत होता आणि मला विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिमच टाकायची होती. दुकानातल्या मुलाने पण तेच सांगितलं की ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) तुमची तुम्ही टाकून घ्यायची. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं, वायफाय, साउंड, वेबकॅम सगळं लगेच चाललं आणि कित्येक महिने काही म्हणजे काही त्रास नव्हता.

आता डावीकडच्या टाइप सी पोर्टला फोन लावला की क्षणभर दिसतो आणि गायब होतो. मी फोटो फोननेच काढते आणि फोन भरला की लॅपटॉपवर घेते. या सीझनला ऐरोलीच्या खाडीत बोटीने जाऊन फ्लेमिंगोचे भरपूर फोटो काढले, ते फोनमधल्या फोटोंच्या डीसीआयएम फोल्डरमधून कॉपी करायला घेतले की मधेच कनेक्शन तुटतं, आणि तुटलेला फोटो उघडला की वर आकाश आणि पलीकडच्या बिल्डिंगा बरोबर दिसतात आणि खाली जिथे पक्षी असायला हवेत तिथे नुसता राखाडी पट्टा. ओरिजिनल फोनमध्ये आहेत, पण फोन फुल झालाय, नवीन काही काढता येत नाही आणि त्यातलं डिलीट करायला जीव होत नाही.

वाशीच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला गेले तर काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप चालू केला, मिंटचा लोगो बघितला आणि पोर्टला हात पण न लावता बोलला, मॅडम लिनक्स आहे, वॉरंटीत बसत नाही, विंडोज टाकून आणा मग बघू. जॉब शीटवर 'अनसपोर्टेड ओएस' लिहिलं आणि सही मागितली. मी सही केलेली नाही.

आता हे कृपया तुमच्या टेक्निकल माणसाला वाचायला द्या. तोच फोन तीच केबल भाच्याच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. माझ्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या, मोठ्या यूएसबी पोर्टला फोन लावला तर सगळे फोटो न तुटता येतात, म्हणजे लिनक्सला फोन कळतो. टाइप सीमध्ये केबल जराशी हलवली की डीमेसगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सिस्टिम नोंदींमध्ये, 'यूएसबी डिस्कनेक्ट'च्या ओळी धडाधड येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॅपटॉप बायोसमध्ये, म्हणजे ओएस सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, उघडून ठेवला आणि फोन त्या पोर्टला लावला तरी फोनचं चार्जिंग चालू बंद, चालू बंद होतं. बायोसमध्ये तेव्हा लिनक्स चालू झालेलंच नसतं, विंडोज असतं तरी तेही झालं नसतं. मग दोष लिनक्सचा कसा? पोर्ट आतून सैल झालाय, एवढं साधं आहे.

वॉरंटी कार्ड मी पूर्ण वाचलंय, पाणी जाणं, पडणं, बाहेर उघडून घेणं हे सगळं लिहिलंय, लिनक्सचं नाव कुठेच नाही. आणि विंडोजशिवाय तुम्हीच विकलाय ना! पैसे वाचवायला असा लॅपटॉप घेणारे खूप जण असतात, कॉलेजची मुलं तर जास्तच, त्यांना पण काउंटरवरून असंच परत पाठवत असाल तर ते फार चुकीचं आहे, एका पोर्टसाठी त्यांनी विंडोजचं लायसन्स विकत घ्यायचं का?

मला पोर्ट वॉरंटीत फुकट दुरुस्त करून हवाय आणि डिस्क फॉरमॅट करायची नाही हे जॉब शीटवर आधी लिहून हवंय, डेटा माझा आहे. जॉब शीटवरचा तो शेरा पण खोडा. नाही म्हणायचं असेल तर वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली ते ईमेलवर लेखी कळवा, फोनवर नको. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो.

बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीटचा फोटो, डीमेसगचा स्क्रीनशॉट आणि बायोसमध्ये असताना चार्जिंग जातं त्याचा व्हिडिओ सोबत जोडलाय.

तुमची ग्राहक,
ऐरोली, नवी मुंबई